खालचा काय म्हणाला?

त्या शाळेतल्या सगळ्या किल्ल्या एकाच कडीत होत्या आणि ती कडी मोठ्या बाईंच्या पर्समध्ये होती. प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचं सामान, पाण्याच्या टाकीचं झाकण, झाडून सगळं. साधा खडू हवा असला तरी शिक्षकांनी मुख्याध्यापिकांच्या केबिनसमोर उभं राहायचं, बाईंनी चष्म्यावरून बघत "कालचा संपला?" विचारायचं आणि मगच पर्सची चेन सरकायची. बाईंचा जगाबद्दल फारसा गैरसमज नव्हता. दुसऱ्याच्या हातात किल्ली गेली की ती हरवते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यामुळे मुलांना ई-रीडर द्यायचं ठरलं तेव्हा सगळ्या यंत्रांचं खातंही एकच उघडलं गेलं. बाईंच्या ई-मेलवर, बाईंच्या पासवर्डनं.

"प्रत्येकाचं वेगळं खातं उघडायला हवं," विज्ञानाच्या नव्या मॅडम म्हणाल्या होत्या.

"आणि पोरं पासवर्ड विसरली की तुम्ही घरोघर सांगत फिरणार?" बाईंनी विचारलं होतं. "एक खातं, एक किल्ली. पुढे बोला."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. कारण विज्ञानाच्या मॅडम या मोठ्या बाईंची सख्खी भाची, आणि राहायलाही आत्याच्याच घरी. शाळेत "बाई, तुम्ही" आणि घरी "आत्या, तू" असा दुहेरी कारभार ती न चुकता सांभाळत होती. पण शिक्षकांच्या खोलीत तिची ओळख एकच होती: आत्याने चिकटवलेली. तिला पहिल्या वर्गाची पदवी होती, प्रयोगशाळेत ती हात न थरथरता काचेची नळी वाकवायची, पण ती आत शिरली की गप्पा थांबायच्या आणि कुणीतरी मोठ्यांदा हवामानाबद्दल बोलायला लागायचं.

आता तिचं उमेदवारीचं वर्ष संपत आलं होतं. कायम करायचं की नाही, हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते, आणि ते ई-रीडरचा प्रयोग बघून ठरवणार होते. तिला नोकरी हवी होती, पण त्याहून जास्त, ती आत्यामुळे मिळाली असं कुणाला म्हणता येऊ नये, हे हवं होतं. आलेखावर दिसेल असं काहीतरी स्वतःचं हवं होतं.

म्हणून ती जीव ओतून कामाला लागली. नकाशे ठेवायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात तिने वायरींचं जाळं केलं, प्रत्येक यंत्राला आकडा चिकटवला, पोरांनी त्यावर भलतंसलतं लिहू नये म्हणून कीबोर्डला कुलूप घातलं. लिहायची सोय फक्त शिक्षकांच्या यंत्रांवर. पोरांनी यंत्राचं नाव ठेवलं पाटी आणि तिचं नाव ठेवलं चार्जर मॅडम.

पहिल्याच तासाला तिने पाटीचं पोट समजावून सांगितलं. आत काळे आणि पांढरे बारीक कण असतात, विजेनं वर-खाली होतात, काळे वर आले की अक्षर दिसतं. "आणि गंमत अशी, की वीज फक्त कण हलवायला लागते. एकदा हलले की बसले. बॅटरी मेली तरी अक्षर जागचं हलत नाही."

"म्हणजे आमच्या बाबांसारखं," मागच्या बाकावरून आवाज आला. "एकदा बसले की बसले."

ही वर्गातली वकील. नाव काहीही असो, सगळे वकीलच म्हणायचे, कारण तिला शिक्षा सुनावली की ती आधी पुरावा मागायची.

पाट्यांवर सगळ्यात आधी चढवलं गेलं ते अध्यक्षांचं आत्मचरित्र, "उंचीचा ध्यास". अध्यक्षांचा प्लॅस्टिकच्या पाइपांचा कारखाना होता. त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, स्वखर्चाने छापलं होतं, आणि छापील प्रतींचे गठ्ठे शाळेच्या जिन्याखाली अजूनही पडून होते. त्यांवर शाळेची मांजर दरवर्षी बाळंत व्हायची. आता तेच पुस्तक पूरक वाचन म्हणून पाट्यांत आलं. चार्जर मॅडमनी मनातल्या मनात प्रयोगाला तिलांजली दिली. हे पुस्तक कोण वाचणार? तिने स्वतः दुसऱ्या प्रकरणात मान टाकली होती.

आणि महिन्याभरात पाट्यांवरच्या वाचनाचा आलेख वर गेला.

वर म्हणजे कसा? इतर पुस्तकांच्या रेघा जमिनीला चिकटून सरपटत होत्या आणि "उंचीचा ध्यास"ची रेघ छताला टेकली होती. पोरं ते पुस्तक मधल्या सुट्टीत वाचत होती, व्हरांड्यात वाचत होती, घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचत होती. मोठ्या बाईंनी आलेख बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. अध्यक्षांना फोन गेला. अध्यक्ष पलीकडून म्हणाले, "मी स्वतः येतो."

शिक्षकांच्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी तिला चहा पुढे केला.

दुसरी कुणी असती तर तो चहा पिऊन गप्प बसली असती. पण हिला कॉलेजात एक खोड लागली होती: निकाल वाईट आला तर पुन्हा मोजायचं, आणि निकाल फार चांगला आला तर आधी उपकरण तपासायचं. तिने मधल्या सुट्टीत वकिलाच्या मागे उभं राहून पाहिलं. वकील पान वाचतच नव्हती. ती ओळीखालची एक तुटक रेघ शोधायची, तिच्यावर बोट टेकवायची, पानाच्या तळाशी एक चौकट उघडायची, आणि बाकभर पोरं फिस्सकन हसायची.

"काय चाललंय?"

पाटी झटकन पाठीमागे गेली. "वाचन, मॅडम."

"दाखव."

"कारण सांगा."

"वकील!"

पाटी पुढे आली. अध्यक्षांनी लिहिलं होतं: मी आजही पहाटे चारला उठतो. खाली चौकटीत होतं: "सभेत दुपारी का झोपतात त्याचा उलगडा झाला."

चार्जर मॅडमना ठसका लागला. तिने पुढचं पान उलटलं. अध्यक्ष: पाइपाकडून शिकण्यासारखं खूप आहे. तो दुसऱ्यासाठी वाहतो. चौकट: "आणि दुसऱ्याच्याच घरात गळतो." त्याच्या पुढे, अध्यक्ष: घरात दिवा नसल्याने मी रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलो. चौकट: "मागच्या प्रकरणात याच घरात आजोबा दिव्याखाली गोष्टी सांगत होते. आजोबा दिवा घेऊन गेले की काय?"

"हे कोण लिहितं?"

"खालचा," पोरं एका सुरात म्हणाली.

"खालचा कोण?"

"तेच तर माहीत नाही ना, मॅडम," वकील म्हणाली. "रोज सकाळी नवं असतं. पण मजा अशी, की त्यातलं निम्मं मागचं वाचल्याशिवाय कळतच नाही. दिव्याचं कळायला मला अख्खं पहिलं प्रकरण वाचावं लागलं." हे तिने फसवणुकीची तक्रार करावी अशा सुरात सांगितलं.

चार्जर मॅडमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक खातं! एका खात्यावरच्या सगळ्या यंत्रांना वाटत असतं की आपण एकाच माणसाची आहोत. एकाने समासात काही लिहिलं की ते सगळ्यांकडे उमटणार. तिने पोरांच्या लिहिण्याला कुलूप घातलं होतं, वाचण्याला घालायचं राहिलं होतं. म्हणजे खालचा हा कुणीतरी शिक्षक होता, आणि आपण एकांतात लिहितोय अशा समजुतीत अख्ख्या शाळेसमोर अध्यक्षांची सालटी काढत होता.

शिक्षकांकडे पाट्या तीनच. एक तिची स्वतःची. दुसरी भाषेच्या सरांची, पण त्यांना साधं हजेरीचं वाक्यही उपमा घातल्याशिवाय लिहिता येत नसे. उरली तिसरी. ती तिसरी कुणाची, हे मनात यायला आणि संध्याकाळी घरी आतल्या खोलीतून एक दबलेलं हसू ऐकू यायला एकच गाठ पडली. आत्याला हसताना ऐकल्याचं तिला शेवटचं कधी आठवत होतं? बहुधा काकाच्या लग्नात, भटजी घसरले तेव्हा.

तरी तिने घाई केली नाही. तिने घरचं इंटरनेट बंद करून ठेवलं आणि "बिघडलंय बहुतेक" असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाट्यांवर नवं काही नव्हतं, आणि वर्गावर अशी अवकळा पसरली होती की जणू सहल रद्द झाली. तिने इंटरनेट सुरू केलं. सकाळी चौकटींचा पाऊस! मग तिने पुन्हा एकदा बंद करून बघितलं, कारण एकदाच आलेल्या निकालाला ती निकाल मानत नसे.

अध्यक्ष यायच्या आदल्या संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. भाचीने समोर बसून एक शेंग उचलली.

"आत्या, तू पाटीवर जे लिहितेस ना समासात…"

आत्याचे हात थांबले. "तू माझ्या खोलीत गेलीस?"

"नाही. मी वर्गात गेले."

"मग?"

"एकच खातं आहे ना. ते सगळ्या पाट्यांवर दिसतं. सगळ्या म्हणजे सगळ्या. पहिल्या दिवसापासून."

एक वाटाणा टेबलावरून घरंगळत जाऊन फ्रिजखाली गेला. दोघींनी त्याला जाताना पाहिलं. आत्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि चार्जर मॅडमना उगाच ते काळे-पांढरे कण आठवले.

"कितवीच्या पोरांनी वाचलं?" आत्याने शेवटी विचारलं.

"ज्यांच्या हातात पाट्या आहेत त्या सगळ्यांनी. आणि ज्यांच्या हातात नाहीत त्यांनी खांद्यावरून."

"अरे देवा." आत्याने पुन्हा एक शेंग घेतली, ती सोलायची विसरून नुसतीच मोडली.  मग ती तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "पाइपाचं… हसली का पोरं?"

"आत्या!"

"नाही, विचारते आपलं."

"हसली. भाषेच्या तासाला एकजण हसून बाकावरून पडला."

"आणि दिव्याचं? ते मला जरा लांबल्यासारखं वाटत होतं."

"आत्या, उद्या तो माणूस येणार आहे! तुझी खुर्ची जाईल, माझी तर अजून आलेलीच नाही! आज बसून सगळं पुसायचं आहे."

"पुसायचं?" मोठ्या बाई, ज्यांनी आयुष्यभर फळ्यावरचं, भिंतीवरचं, बाकांवरचं सगळं पोरांकडून पुसून घेतलं होतं, त्या अशा काही दुखावल्या की भाचीला त्यांचा हात धरावासा वाटला. "मी ते पुस्तक दोनदा वाचलंय गं. जगात दुसऱ्या कुणी एकदाही वाचलं नसेल. एवढी मेहनत… लपवता येत नाही का?"

लपवता येत होतं. टिपा दिसू नयेत अशी एक सोय होती, ती प्रत्येक पाटीवर स्वतंत्र करायची. अध्यक्ष येणार म्हणून सगळ्या पाट्या आधीच कपाटात जमा करून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच चार्जर मॅडमनी कपाट उघडून एकेक पाटी हातात घेतली आणि सगळ्या तुटक रेघा गायब केल्या. वकिलाची पाटी तेवढी राहिली. ती दोन दिवसांपूर्वी गोठली होती, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. आता तिची बॅटरीही पार उतरली होती. मेलेल्या यंत्राचं काय करणार? तिने पडद्याकडे न बघताच ती पालथी घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

अध्यक्ष आले. माणूस बुटका, गोल, आणि इस्त्री इतकी कडक की बसताना कपडे वाजले. ते वर्गात आले, मोठ्या बाई पाठोपाठ, त्यांच्या मागे भाषेचे सर, हातात पुष्पगुच्छ. आलेख भिंतीवर उजळला. अध्यक्षांनी त्या रेघेकडे असं पाहिलं जसं लोक आपल्या पहिल्या नातवाकडे पाहतात.

"यातलं काय आवडलं तुला?" त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं.

"दिवा," मुलगा म्हणाला आणि त्याने ओठ घट्ट दाबले.

"दिवा! अगदी बरोबर. आणि तुला?"

"पाइप," दुसरा म्हणाला. मागून कुणाचीतरी खोकल्याची उबळ आली.

सगळं सुरळीत चाललं होतं. अध्यक्ष खुशीत येऊन म्हणाले, "मॅडम, यंत्रं ठेवता कुठे ते बघू या." नकाशांच्या खोलीत त्यांनी वायरी पाहिल्या, आकडे पाहिले, वाहवा केली. आणि बुटक्या माणसांना सगळ्यात वरच्या फळीवर काय आहे याचं जे कुतूहल असतं, ते त्यांनाही होतं. टाचा उंचावून त्यांनी पालथी पाटी ओढली.

"ही बंद आहे, साहेब," चार्जर मॅडम घाईने म्हणाल्या. "बॅटरी मेलीय."

"बंद? मग हे काय लिहिलंय?"

तिने वाकून पाहिलं. वीज फक्त कण हलवायला लागते. एकदा हलले की बसले. तिनेच शिकवलं होतं. वकिलाची पाटी चौकट उघडी असताना गोठली होती आणि ते पान, ती चौकट, जशीच्या तशी तिथे होती.

अध्यक्षांनी पाटी लांब धरून मोठ्यांदा वाचलं. "'या वाटचालीत माझ्या पत्नीची मोलाची साथ लाभली.' हे माझं. आणि खाली… 'एवढ्या जाड पुस्तकात बायकोला एक वाक्य, तेही नाव न घेता. पाइपांना दोन प्रकरणं आहेत.'"

भाषेच्या सरांनी पुष्पगुच्छात तोंड घातलं.

"हे कुणी लिहिलं?" अध्यक्षांचा आवाज वाढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

चार्जर मॅडमना आपल्याच तोंडून शब्द येताना ऐकू आले. "यंत्राने, साहेब. नवी पद्धत आहे. मजकूर वाचून ते आपोआप… वाचकाला विचार करायला लावतं."

"यंत्र?" अध्यक्षांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या. "यंत्राने वाचलं माझं पुस्तक? आणि नेमकं हे पकडलं?" त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी हळू. "पाइपांना दोन प्रकरणं… काय डोकं आहे हो! माणसाला सुचणार नाही असं. मॅडम, कमाल केलीत. तुमच्यासारखी माणसं संस्थेला…"

संस्थेला हवीत, हेच ते म्हणणार होते. तिची नोकरी त्यांच्या जिभेच्या टोकावर आली होती. तिने आत्याकडे पाहिलं, डोळ्यांनी हात जोडले. आत्याचे ओठ शिवलेले होते. पण नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि लहानपणापासून तिला माहीत होतं की त्यानंतर काय होतं.

"यंत्राला काय डोंबल कळतंय!" मोठ्या बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय ते."

अध्यक्ष त्यांच्याकडे वळले.

"तुम्ही?"

"हो. रोज संध्याकाळी बसून, डोळे फोडून. माणसाला सुचणार नाही म्हणे! सगळं मलाच सुचलंय." त्यांनी पर्स उघडली, किल्ल्यांची कडी बाजूला सारली, आपली पाटी काढून टिपा उघडल्या आणि अध्यक्षांच्या छातीशी धरली. "हे बघा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दोनदा वाचलंय तुमचं पुस्तक मी."

अध्यक्षांनी पाटी घेतली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. पहाटे चारच्या पानावर त्यांचे कान तांबडे झाले. मग त्यांनी पाटी बगलेत मारली, "ही मी घरी नेतोय," एवढंच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. पुष्पगुच्छ सरांच्याच हातात राहिला.

 घरी जाताना भाची म्हणाली, "गप्प बसली असतीस तर मी कायम झाले असते."

"यंत्राची मदतनीस म्हणून," आत्या म्हणाली. पण मग तिचाच आवाज उतरला. "चुकलं गं माझं. पण श्रेय त्या डबड्याला जाताना नाही बघवलं."

यावर रागवायचं भाचीने ठरवलं होतं. पण काचेची नळी तिने न थरथरता वाकवली आणि कुणी म्हणालं की ती आधीच वाकडी होती, तर तिला काय वाटलं असतं? ती पाय आपटत चालत राहिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी राजीनामा मागतील, चौकशी लावतील, असं समजून ती शाळेत आली. फाटकातच पोरांनी तिला गराडा घातला.

"अभिनंदन, मॅडम!"

"कशाबद्दल?"

"तुम्ही वाचलं नाही?" वकिलाने एक पाटी पुढे केली. टिपा पुन्हा दिसत होत्या. पोरांनी ती सोय कधीच शोधून काढली होती. "खालच्याच्या खाली अजून एक आलाय!"

खरंच आला होता. अध्यक्षांना कुणी सांगितलं नव्हतं की त्यांच्या हातात जी पाटी आहे तिच्यावर लिहिलेलं शाळाभर जातं. सभेतल्या झोपेच्या चौकटीखाली होतं: "झोपत नाही, डोळे मिटून ऐकतो." गळक्या पाइपाखाली: "आमचा माल गळत नाही. बसवणारा गळका असतो." दिव्याखाली बराच विचार केल्यासारखं: "आजोबा लवकर झोपत, दिवा त्यांच्या उशाशी असे. हे लिहायचं राहिलं." आणि पत्नीच्या पानावर: "नाव पुढच्या आवृत्तीत टाकतो. ती इथेच शेजारी बसून वाचते आहे आणि थांबायला तयार नाही. तिला पाइपाचं फार आवडलं."

चार्जर मॅडमनी पान उलटलं. शेवटच्या पानावर, जिथे अध्यक्षांनी भावी पिढीला शुभेच्छा दिल्या होत्या, तिथे होतं: "विज्ञानाच्या मॅडमना कायम करावं. यंत्राबद्दल साफ खोटं बोलल्या, पण मेलेली पाटी वाचता येते हे मला त्यांच्यामुळेच कळलं. पत्र पाठवतो. आणि बाई, खातं वेगळं करू नका, मला उत्तर हवंय."

ती उभ्या जागी दोनदा वाचत राहिली. तिची नेमणूक तिच्या आधी सातवीच्या पोरांना कळली होती, आणि आत्याच्या खात्यावरून कळली होती. शिक्षकांच्या खोलीत आता काय बोलतील, हे तिला तोंडपाठ होतं. हसावं की रडावं हे काही ठरेना, तेव्हा तिने नेहमीचं काम हाती घेतलं आणि कपाटाची किल्ली मागायला केबिनकडे गेली.

दार लोटलेलं होतं. मोठ्या बाई टेबलावर वाकून बसल्या होत्या. त्यांच्या हातात ई-रीडर होता. भाचीचा. तिच्या पिशवीतून कधी काढून घेतला, देव जाणे.

"बाई, किल्ली."

"ती बघ, पर्समध्ये आहे. घे तूच," बाई वर न बघता म्हणाल्या. "आणि सांग मला, 'बसवणारा गळका असतो' याच्यावर काय लिहू? पोरं वाट बघत असतील."

चार्जर मॅडमनी पर्समधून कडी काढली. ती हातात चांगलीच जड लागली.

"बाई, त्यांना विचारा," ती म्हणाली, "बसवणारे तुम्हीच नेमता ना?"

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून भराभर टाइप करायला लागली.